अळणी दिवस

मागच्या आठवड्यात माझ्या भावाच्या, अण्णाच्या नातवाने, कार्तिकने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. केळीचं पान, त्यावर भाताची मूद, शेजारी वाटीत काहीतरी पिवळं. खाली इंग्रजीत भलामोठा मजकूर. आमच्या घराण्यात म्हणे पिढ्यान्‌पिढ्या एक दिवस मिठाशिवाय जेवतात. तंजावरचं मराठी राज्य गेलं त्या दिवसाची ही आठवण. त्याचे पणजोबा, म्हणजे माझे वडील अप्पा, इतिहासाचे शिक्षक होते, त्यांनी ही परंपरा जिवापाड जपली. त्याखाली चेन्नईहून, बंगळूरहून, अमेरिकेहून जोडलेले हात आणि लाल बदाम यांची नुसती रांग लागली. एका नातसुनेने लिहिलं, मीठ सोडणं तब्येतीलाही किती चांगलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन उपडा ठेवला आणि भाजी चिरायला बसले, तर भाजीऐवजी बोट कापलं. थोड्या वेळाने कार्तिकचाच फोन आला. "यमू पाट्टी, फोटो पाहिलीस कां? कसं आहे, सांग की." मी म्हटलं, "मीठ घालायचं राहिलं आहे त्यांत." त्याला वाटलं पाट्टी, म्हणजे आजी, चेष्टा करते. तो हसला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी तुझी मुलाखत घेऊन व्हिडिओ करतो.

पुढच्या वर्षी मी असेन की नाही कोणास ठाऊक, आणि असले तरी कॅमेऱ्यासमोर बसून अप्पांची आरती ओवाळणार नाही. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे, मराठीत, बाळबोध अक्षरांत. आमच्या घरातल्या आता एकालाही हे वाचता येणार नाही. बोलताना मराठी बोलतात, तीही निम्मी तमिळ. अक्षर दाखवलं तर हिंदी आहे का विचारतात. मला लिहायची मराठी आली ती पुण्याहून डाकेने येणाऱ्या मासिकांमुळे, आणि ती मासिकं अप्पाच मागवायचे, हेही सांगून टाकते. त्यांनी मला जे दिलं ते मी नाकारत नाही. जे घेतलं त्याविषयी बोलायचं आहे.

आमचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. मोठं नव्हे, चार खोल्यांचं, पुढे रस्त्याला लागून ओटा, त्याला आम्ही तिण्णै म्हणतो. घरात अप्पा, आई, अप्पांची विधवा बहीण कृष्णा आत्या, माझा मोठा भाऊ अण्णा आणि मी. पहाटे आधी आत्याचा आवाज यायचा, मग विहिरीच्या रहाटाचा, मग आईच्या हातच्या दगडी रगड्याचा. त्या रगड्याची घरघर थांबली की समजायचं, आता कापी, म्हणजे कॉफी, होणार. पितळेच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात अशी ती आई फेसाळून ओतायची आणि पहिला पेला अप्पांना जायचा. अप्पांचा पेला रिकामा होईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण अप्पा तेव्हा विचार करत असत. कसला विचार, तर आज फळ्यावर काय लिहायचं याचा.

अप्पा एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि शाळा त्यांना पुरायची नाही. तिण्णैच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, त्यांनी एक काळा फळा ठोकून घेतला होता. कापी झाली की अंगावर उपरणं टाकून ते बाहेर जायचे आणि आजच्या दिवशी पूर्वी जगात काय काय घडलं ते सुबक तमिळ अक्षरांत लिहून काढायचे. कुठे लढाई संपली, कुठल्या राजाचं डोकं उडवलं, कोणतं जहाज बुडालं, कोणी कोणता रोग हुडकला. दूधवाला, फुलं विकणारी बाई, कोर्टात निघालेले कारकून, सगळे थबकून वाचायचे. वाचता न येणारे विचारायचे, "इन्नैक्कु एन्न, वाद्यारे?" म्हणजे आज काय विशेष, मास्तर? अप्पा लगेच उत्तर द्यायचे नाहीत. चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे, चार माणसं जमली की मग सुरू व्हायचे. बोलायचे छान. अगदी काल स्वतः तिथे हजर होते असं बोलायचे. मी आतल्या उंबऱ्यावर बसून ऐकत असे आणि मला अभिमान वाटत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळा ओल्या फडक्याने पुसायचं काम माझं. खडूचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं.

एवढा तारखांचा पंडित, पण माझी जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. आईला नक्षत्र ठाऊक होतं, आत्याला तिथी. शाळेत नाव घालताना अप्पांनी पहिल्या वर्गात बसेल अशी कुठलीतरी तारीख सांगून टाकली, आणि मी एका दमात वर्षाहून अधिक मोठी झाले. आजही माझ्या सगळ्या कागदांवर तीच तारीख आहे. त्या दिवशी बँकेकडून शुभेच्छांचा मेसेज येतो आणि मी तो पुसून टाकते.

तर अळणी दिवस. आमचे कोणी खापरपणजोबा राजवाड्यात घडी वाजवायला होते. पाण्यात सोडलेलं भोकाचं भांडं भरून बुडालं, की काशाच्या थाळीवर टोला द्यायचा, एवढंच त्यांचं काम. पण आमच्या घरात ते असं सांगत, जणू टोला दिला नाही तर तंजावरात सूर्य उगवला नसता. कंपनीने राज्य खालसा केलं त्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं, आजपासून वाजवू नका. ते घरी आले, पानावर बसले, पानाच्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ बोटाने बाजूला सारलं आणि म्हणाले, ज्याचं मीठ खात होतों तोच राहिला नाहीं. तेव्हापासून त्या दिवशी आमच्या घरात अळणी. पानाला मीठ वाढायचं नाही, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधायचं, अप्पळम, म्हणजे पापड, तळायचे नाहीत कारण त्यांच्यात मीठ असतं. नवं काम काढायचं नाही आणि कामासाठी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. आजही, खरं सांगायचं तर, तो मीठ सारणारा म्हातारा मला आवडतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचं जे गेलं ते खरोखरीचं गेलं होतं.

पुढे घोळ झाला तो अप्पांच्या विद्वत्तेने. आत्या जो दिवस पाळायची तो तिथीने. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडी आलेला. अप्पांनी एका जाड इंग्रजी पुस्तकातून त्याच दिवसाची तारीख हुडकून काढली, आणि हिशेब करून पाहतात तर आत्याची तिथी त्या वर्षी त्या तारखेला येतच नव्हती. दोघा बहीणभावांचं जे जुंपलं! आत्या म्हणाली, "त्या इंग्रजाला काय कळतंय अमचं दिवस?" अप्पा म्हणाले, "राज्य त्यानं घेतलं. तारीख त्याला नाहीं तर कोणाला कळणार?" शेवटी कोणी मागे हटेना, म्हणून तोड निघाली की दोन्ही पाळायचे. ऐपसीचा, म्हणजे अश्विन-कार्तिकातला, पाऊस पडत असायचा, कधी तिथी आधी यायची, कधी तारीख. एकाच राज्यासाठी वर्षातून दोनदा अळणी.

आता पाळायचे म्हणजे कोणी पाळायचे? रांधायची आई, मिठाशिवाय गिळायचं आईने आणि मी. आत्या तर केळ्यांवर राहायची. अप्पांची शाळा असली तर ते शाळेत जात, कारण सरकारी पगाराच्या कामाला हा नेम लागत नाही असा त्यांनीच अर्थ लावला होता. आणि तिथे मास्तरांच्या खोलीत येणारा वडाही त्यांना वर्ज्य नव्हता. घरी असले की मात्र पानावर डोळे मिटून बसत आणि दोन घासांत उठत. त्या उठण्यात एवढा रुबाब असायचा की आम्हाला भरल्या पानावर बसल्याची लाज वाटावी. वडा खाऊन आलेल्या माणसाला अळणी पान सोडणं काय जड जाणार, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

अण्णाला रेल्वेच्या नोकरीचं बोलावणं आलं ते नेमकं तिथीच्या दिवशी. पत्र वाचून आत्याने कपाळाला हात लावला. अप्पा उपरण्याची टोकं धरून तिण्णैवर फेऱ्या मारू लागले. संध्याकाळी ते आत आले आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "खरं दिवस तारखेचं. तें पुस्तकांत आहे. तिथि म्हणजे बायकांची आठवण, तिला आधार नाहीं. मुलगा जाईल." आत्या रडली. म्हणाली, इतकी वर्षं मग आम्ही काय केलों? अप्पा म्हणाले, "श्रद्धेनं केलांत. करत राहा." म्हणजे अण्णासाठी तिथी खोटी आणि आमच्यासाठी खरी, हे त्या एका वाक्यात आलं होतं. पण मी तेव्हा शाळकरी पोर, भावाला नोकरी लागणार म्हणून नाचत होते. अण्णाच्या हातावर आईने दहीसाखर घातली. रात्री तो तिरुच्चीहून परतला आणि तिथे खाल्लेल्या मसाला दोशाचं वर्णन करत बसला, कसा कुरकुरीत होता आणि चटण्या किती. त्याला नोकरी लागली. कोणी म्हटलं नाही की खापरपणजोबांचा आत्मा तळमळला.

मला जे हवं होतं ते टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये बसायचं काम. आजच्या पोरांना हे समजावून सांगणं कठीण आहे. तेव्हा दुसऱ्या गावी बोलायचं तर मधे एक बाई लागे. ती तुमचा नंबर घेई आणि तुम्हाला जोडून देई. आमच्या शाळेच्या ऑफिसात एकदा मी तो आवाज ऐकला होता. शांत, भरदार, घाई नसलेला आवाज, आणि पलीकडे मद्रासचा कोणी मोठा अधिकारी, पण त्यालाही ती म्हणाली, थांबा, लाईन मोकळी नाही. एक बाई एका साहेबाला थांबा म्हणते आणि तो थांबतो! त्या दिवसापासून माझं ठरलं. शिक्षण पुरेसं होतं, तमिळ, इंग्रजी दोन्ही चोख होत्या, आवाज तर होताच. शाळा संपल्यावर जागा निघाल्या तेव्हा मी अर्ज केला. अप्पांनीच त्यावर सही केली.

मग सुरू झाला सराव. दुपारी अप्पा शाळेत आणि आत्या आडवी झाली की आई स्वयंपाकघरातून पिठाचा रिकामा डबा कानाला लावून बोलायची, "हलो, मला कुंभकोणम द्या." मी पाटावर ताठ बसून म्हणायची, नंबर प्लीज. आईला नंबर सुचायचा नाही. मग ती म्हणायची, "त्या वांगीवाल्याच्या शेजारचं घर द्या." मी म्हणायची, लाईन मोकळी नाही, थांबा. "किती वेळ थांबूं, बाई? माझं सांबार उतू जातंय!" आणि हसत हसत डबा खाली पडायचा. माझी आई इतकी हसलेली मी ना आधी पाहिली ना नंतर. एकदा ती डबा कानाला तसाच धरून हळूच म्हणाली, "तुला पगार आलं की मला एकदा खरं फोन करायला देशील?" मी म्हटलं, पहिला फोन तुझाच. तिची बहीण नागपुरात होती, लग्न झाल्यापासून दोघींनी एकमेकींचा आवाज ऐकला नव्हता.

तिरुच्चीला मुलाखतीचं बोलावणं आलं. अप्पांनी पत्र मोठ्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. आत्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "अय्यो, ही तर तिथि." तीच तिथी. दोघांची पत्रं त्याच हंगामात आली, त्यात नवल नव्हतं. ऐपसीच्या सुमारास अशी बोलावणी निघतच. माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. मी आत्याला हसून म्हटलं, "अप्पांनी निकाल दिलाय की अण्णाच्या वेळीं. खरं दिवस तारखेचं." अप्पा तिथेच बसले होते. त्यांनी ऐकलं. हो नाही, काही नाही. मी त्या गप्प बसण्याला होकार समजले. घरात सगळेच तसं समजत; अप्पा बोलले नाहीत म्हणजे हरकत नाही. अण्णाने मला सोबत न्यायचं म्हणून रजा काढली.

त्या सकाळी पाऊस धो धो कोसळून नुकता ओसरला होता. शाळांना सुट्टी दिली होती. आईने मला तिची निळी सुती साडी दिली, वेणीत अबोली माळली, एका डब्यात इडल्या आणि मिळगापोडी बांधून दिली. इडल्या अळणी, पण मिळगापोडीत, त्या मिरचीच्या चटणीत, मीठ होतं. आईने ते ठाऊक असून बांधलं, आणि डबा देताना माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. अण्णा तिण्णैवर बूट चढवत होता. अप्पांनी फळा लिहून हात झटकले होते आणि पंचांग मांडीवर घेऊन ते बसले होते. मी नमस्काराला वाकले. ते म्हणाले, "यमू, अज काय तिथि, सांग पाहूं."

मी सांगितलं. शाळेत उभं राहून सांगावी तशी सांगितली.

"मग? अज उंबरा ओलांडतात कां आमच्या घरांत?"

मला आधी वाटलं, परीक्षा घेत आहेत. अप्पांना असं विचारायची सवयच होती. मी म्हटलं, "अप्पा, खरं दिवस तारखेचं. तुम्हीच सांगटलांत. अण्णा याच तिथीला गेला की."

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

मी हे विचारलं आणि रस्त्यावर फळा वाचत उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. अप्पांचा आवाज बारीक झाला. राग आला की तो तसा बारीक होत असे. "तो पुरुष. त्यानं घर चालवायचं. दिवस पाळायचं तें घरांतल्या बायकांनी, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. तूच मोडलीस तर पुढं कोण पाळणार? आणि तें काम काय तर अस्क्या गांवाच्या कानांत हलो हलो करत बसायचं. आंत जा."

म्हणजे हे होतं! इतिहास नव्हता, राज्य नव्हतं, घडीवाला म्हातारा नव्हता. मुलीचा आवाज परक्यांच्या कानात जाणार, हे त्यांना नको होतं. अर्जावर सही करताना वाटलं असेल, कशाला बोलावतात हिला. पत्र आल्यावर नाही म्हणायचं धैर्य झालं नसेल. सरळ सांगितलं असतं, मला हे आवडत नाही, तू जाऊ नकोस, तर मी भांडले असते, रडले असते, काय वाटेल ते केलं असतं. पण त्यांनी मेलेला राजा पुढे केला. मेलेल्या राजाशी भांडायचं कसं? इतका भेकडपणा मी नंतर कुठेच पाहिला नाही.

आई दारातून म्हणाली, "जाऊं द्या की हो पोरीला. ते लोक पुन्हा बोलावणार नाहींत." अप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी अण्णाकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. मीही गेलो होतो अप्पा, एवढं म्हणायचं होतं. त्याने मान खाली घातली, आणि नुकतीच बांधलेली बुटाची नाडी सोडली. एक बूट काढला, मग दुसरा काढला, दोन्ही जोडून भिंतीशी नीट लावून ठेवले. माणसं रागावून दार आपटतात, शिव्या देतात, ते मी विसरू शकते. ते शांतपणे जोडून ठेवलेले बूट मी विसरलेले नाही. अण्णा पुढे चांगला वागला माझ्याशी, शेवटपर्यंत दिवाळीला साडी पाठवायचा. मी ती नेसायची आणि दर वेळी मला ते बूट आठवायचे.

एकटीने जायचं तर जवळच्या तिरुवैयारूच्या पलीकडे मी कधी एकटी गेले नव्हते. तरी मी पायरीपर्यंत गेले. बस कुठून सुटते ते ठाऊक होतं. पण घरातून मोडून निघालेल्या मुलीला त्या काळी परत यायला घर नसे, आणि मुलाखतीत नापास झाले तर राहायचं कुठे, हे मला त्या पायरीवर उभ्या उभ्या सुचलं. मी उभी राहिले. बसची वेळ झाली आणि टळली. मग मी आत गेले, आईची साडी बदलली आणि घडी घालून ठेवली. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ती रडत होती की धुराने डोळे पुसत होती, मी विचारलं नाही.

त्या जागा पुन्हा निघेपर्यंत माझं वय उलटून गेलं. म्हणजे अप्पांनी शाळेत सांगितलेलं वय. माझं स्वतःचं अजून बसत होतं. मी पापनाशमच्या एका शाळेत शिवण शिकवायला लागले, तिथेच उमर काढली. काम वाईट नव्हतं, मुली गोड होत्या. पण कोणी विचारलं की तुम्हाला शिवणाची आवड होती का, की मला आजही उत्तर देता येत नाही. आई गेली तोवर ती नागपूरच्या बहिणीशी एकदाही फोनवर बोलली नव्हती. घरात फोन आला तो त्यानंतर, अण्णाने बसवून दिला. कार्तिकला हे लिहायचं असेल तर फोटोखाली लिहावं.

त्या दुपारचं राहिलं. आईने नेहमीसारखं अळणी रांधलं, भोपळ्याचं सांबार, रसम, भात, ताक. आत्या देवापाशी केळं खाऊन पडली होती. मी स्वयंपाकघरात गेले. मिठाचा रांजण कोपऱ्यात असायचा, त्याच्यावर फडकं. मी फडकं सोडलं. मूठ भरली आणि सांबारात टाकली, मग रसमात, मग ताकात, आणि डावाने ढवळलं. खड्याचं मीठ भांड्याच्या बुडाला करकरलं. आईने ते ऐकलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग विस्तवातलं एक लाकूड मागे ओढलं, उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. तिने मला अडवलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

माझ्या मनात काय होतं? अप्पांनी पहिला घास घ्यावा, चूळ भरावी, पान भिरकावून द्यावं, माझ्या थोबाडीत मारावी. मला ते हवं होतं. म्हणजे निदान कळलं असतं की त्या दिवसाची त्यांना खरोखर चाड आहे, आणि माझं जे गेलं ते कशासाठी तरी गेलं. मी त्यांना सुद्धा ती एक संधी देत होते.

अप्पा आणि अण्णा पानावर बसले. मी वाढलं. पानाचा मिठाचा कोपरा रिकामा. अप्पांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि सांबारभाताचा घास घेतला. अण्णाने त्यांच्या आधी घेतला होता. तो थांबला, त्याचे डोळे माझ्याकडे आले, आणि लगेच पानात गेले. अप्पांचा जबडा मधेच थबकला. मी समोर डाव घेऊन उभी होते. त्यांनी तो घास गिळला. दुसरा घेतला. मग तिसरा. दोन घासांत उठणारा माणूस सांबारभात संपवून रसमावर आला, द्रोण तोंडाला लावून भुरका मारला. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. त्यांनी भातात आळं केलं आणि मान वर न करता म्हणाले, "थोडं सांबार वाढ."

मी म्हटलं, "अप्पा, त्यांत मीठ आहे. मीं घातलं आहे."

अण्णाचा हात पानावर तसाच राहिला. अप्पांनी तोंडातलं सावकाश चावलं. सकाळी पंचांग मांडीवर घेऊन बसले होते तोच चेहरा, तेच कपाळावरचं गंध.

"आतां घातलंच आहेस," ते म्हणाले, "तर वाढ."

मी डाव त्यांच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवला. सांबाराचं पातेलं उचलून त्याच्या शेजारी ठेवलं. म्हटलं, "तुम्हीच वाढून घ्या."

आमच्या घरात कोणा पुरुषाने स्वतःच्या हाताने वाढून घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव उचलला, पातेलं पुढे ओढलं, तळाच्या भोपळ्याच्या फोडी शोधून घेतल्या, आणि पोटभर जेवले.